स्विफ्ट : रोजचा रस्ता आणि ट्रॅक दोन्हींसाठी सस्पेन्शन-अलाइनमेंट कशी ठेवावी? (पुढचे दोन टायर गेले)

धायरीफाटा_स्विफ्ट

नमस्कार मंडळी. गाडी २०१४ ची स्विफ्ट पेट्रोल, ८२ हजार किलोमीटर, टायर १८५/६५ आर १५. धायरी ते हिंजवडी रोजचं जाणं-येणं, आणि महिन्यातून दोनदा पहाटे ताम्हिणी.

गेल्या महिन्यात आयुष्यात पहिल्यांदा ट्रॅकवर गेलो, कोईमतूरच्या कारी स्पीडवेवर. गाडी इथून चालवतच नेली : सातारा, कोल्हापूर, हुबळी, बंगळुरू, सेलम, एका बाजूने साधारण १२०० किलोमीटर. जाण्याआधी दोन गोष्टी केल्या. नाना पेठेतून ४० मिमी खाली बसवणाऱ्या स्प्रिंग आणल्या आणि मूळच्याच शॉकअपवर चढवल्या. मग अलाइनमेंटवाल्याला सांगून पुढे प्रत्येक चाकाला ३ मिमी टो-आउट (चाकाचं पुढचं टोक बाहेर वळलेलं) ठेवून घेतला, कारण वाचलं होतं की टो-आउटमुळे गाडी वळणात पटकन शिरते. कॅम्बरला, म्हणजे चाकाच्या आत-बाहेर कलण्याला, हात लावला नाही. तो म्हणाला, "स्विफ्टला कॅम्बर ॲडजस्ट होत नाही, पण मशीनवर हिरवा दाखवतोय."

ट्रॅकवर गाडी शिरायची खरी, पण वळणाच्या मध्यावर पुढचा भाग एकदम बाहेर वाहत जायचा. स्टिअरिंग आणखी फिरवलं तरी काही फरक नाही. दुसऱ्या दिवशी निघताना टायर पाहिले, तर बाहेरची कड कुरतडल्यासारखी. पुण्यात पोहोचल्यावर गाडी लिफ्टवर घेतली, तर आतली कड गुळगुळीत आणि डावीकडच्या टायरला तारा दिसत होत्या. टायर फक्त १४ हजार किलोमीटर चाललेले.

बाहेरची कडही गेली आणि आतलीही गेली, हे कसं? आणि पुढच्या वेळी काय ठेवू? रस्त्यासाठी वेगळी गाडी घेणं मला परवडणारं नाही. याच गाडीने ऑफिसला जायचंय आणि याच गाडीने परत कोईमतूरला.

ओळंबा

तुझ्या टायरवर दोन वेगवेगळ्या चुका लिहिलेल्या आहेत, म्हणून दोन्ही कडा गेल्या. एकेक घेऊ.

आतली कड टो-आउटने खाल्ली, आणि ती ट्रॅकवर नाही, हायवेवर गेली. हिशेब मांडून बघ. १५ इंची रिम म्हणजे ३८१ मिमी. तेवढ्या लांबीत चाक ३ मिमी तिरकं, म्हणजे दर १ मीटरला जवळजवळ ८ मिमी. गाडी सरळ पुढे चालली आहे आणि चाक मात्र बाहेर जायला बघतंय, त्यामुळे दर किलोमीटरला टायर ७.९ मीटर आडवा घासला जातो. १२०० किलोमीटरला हे साडेनऊ किलोमीटर झाले. जाताना तेवढे, येताना तेवढे. कुठल्याही कंपनीचा टायर असो, एकोणीस किलोमीटर आडवा फरफटल्यावर तारा दिसणारच.

बाहेरची कड ट्रॅकवर गेली, कॅम्बर कमी पडला म्हणून. वळणात बॉडी बाहेर कलते आणि बाहेरचं चाकही तिच्याबरोबर कलतं. मग टायर फक्त बाहेरच्या खांद्यावर उभा राहतो. इथेच तुझ्या स्प्रिंगनी आगीत तेल ओतलं. मूळ उंचीवर स्विफ्टचा लोअर आर्म (चाकाला खालून धरणारा आडवा दांडा) चाकाकडे उतरता असतो. त्यामुळे चाक वर दाबलं गेलं की बॉल जॉइंट (आर्मचा चाकाकडचा सांधा) थोडा बाहेर सरकतो आणि चाकाला उलटा, आत कलणारा कॅम्बर मिळतो. तू गाडी ४० मिमी खाली घेतलीस, तर आर्म आडवा झाला किंवा चाकाच्या बाजूला वर उचलला गेला. आता चाक दाबलं गेलं तर बॉल जॉइंट आत येतो, म्हणजे मिळायचा तो कॅम्बरही गेला. शिवाय मॅकफर्सन स्ट्रटच्या (स्प्रिंग-शॉकअपचा एकत्र उभा खांब असलेल्या) गाडीत उंची कमी केली की रोल सेंटर, म्हणजे बॉडी ज्या बिंदूभोवती कलते तो, गाडीच्या गुरुत्वमध्यापेक्षा जास्त खाली जातं. गाडी बसकी दिसते, पण कलायची प्रवृत्ती हवी तेवढी कमी होतच नाही.

"मध्यावर एकदम बाहेर वाहत जायचा" हे तुझे शब्द फार महत्त्वाचे आहेत. हळूहळू वाहत गेली असती तर कॅम्बर म्हटलं असतं. एकदम गेली, म्हणजे शॉकअपची नळी दांड्यावरच्या बंप स्टॉपला टेकली. त्या क्षणी पुढची स्प्रिंग संपली आणि रबराच्या ठोकळ्यावर गाडी चालली. याची खात्री पाच रुपयांत होते : शॉकअपच्या चकचकीत दांड्यावर प्लॅस्टिकचा केबल टाय आवळून बांध, शॉकअपच्या नळीला टेकवून ठेव आणि सिंहगड रस्त्यावरून एक फेरी मार. टाय कुठपर्यंत ढकलला गेला ते बघ. बंप स्टॉपपर्यंत पोहोचला असेल तर ट्रॅकवर काय झालं असेल ते वेगळं सांगायला नको.

मी तीस वर्षं गाड्यांच्या चाचणीच्या कामात काढली, त्यातली बरीचशी चॅसीवर. एवढं ठामपणे सांगतो : दोन्हींसाठी एकच गाडी असणाऱ्याने आधी टो, मग बुश आणि बॉल जॉइंट, मग कॅम्बर, आणि सगळ्यात शेवटी स्प्रिंगला हात लावावा. बाजारात हा क्रम नेमका उलटा विकला जातो.

नळस्टॉप_जी

ओळंबाकाकांशी सहमत, एक भर घालते. मी विम्याच्या क्लेमचं काम करते. आपल्याकडच्या नेहमीच्या मोटार पॉलिसीत वापराच्या मर्यादेत स्पष्ट लिहिलेलं असतं की संघटित शर्यत, वेगचाचणी वगैरे वापर वगळलेला आहे. ट्रॅकवर काही झालं तर खर्च तुमचा, हे धरूनच जा. शिवाय मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीत असलेल्या तपशिलात कंपनीच्या मूळ रचनेपेक्षा वेगळा बदल चालत नाही. उंची कमी केलेल्या गाडीचा रस्त्यावर अपघात झाला तर सर्व्हेअर पहिला फोटो चाकाच्या कमानीचाच काढतो. टोमध्ये हा प्रश्न येत नाही, तो मूळ रचनेतच फिरवायला दिलेला आहे. दादा, एवढ्या एका कारणासाठी तरी स्प्रिंग परत बदला.

चाकणमार्ग

कॅम्बर होत नाही हे अलाइनमेंटवाल्याचं बोलणं अर्धवट आहे. स्विफ्टचा स्ट्रट नकलला (चाक ज्यावर बसतं त्या भागाला) दोन बोल्टनी धरलेला असतो. वरच्या बोल्टच्या जागी कॅम्बर बोल्ट टाकता येतो : दांडा थोडा बारीक आणि मध्ये उंचवटा असलेला. फिरवला की नकल आत-बाहेर कलते. मी टाकले आहेत.

पण जपून. दांडा बारीक असल्यामुळे पकड फक्त आवळण्यावर असते. माझा उजवा बोल्ट एकदा सरकला. गॅरेजमध्ये इम्पॅक्ट गनने "कडक" केला होता, टॉर्क पाना लावलाच नव्हता. खंबाटकी उतरताना स्टिअरिंग उजवीकडे वाकडं झालं, गाडी सरळ ठेवायला सतत डावीकडे धरावं लागत होतं. सुदैवाने वेग कमी होता. तेव्हापासून बोल्टच्या डोक्यावर आणि स्ट्रटवर पांढऱ्या पेंटची एक सरळ रेघ ओढून ठेवतो. रेघ तुटलेली दिसली की बोल्ट हलला. ट्रॅकवर प्रत्येक सेशननंतर खाली वाकून हीच रेघ बघतो.

आणि ब्रेक ऑइल बदलून घ्या. डॉट ४ चा कोरडा उत्कलनबिंदू किमान २३० अंश असावा लागतो, पण पाणी शोषलेल्या ऑइलचा १५५ अंश असला तरी ते मानकात बसतं. दोन पावसाळे काढलेल्या ऑइलवर ट्रॅकला जाऊ नका.

धायरीफाटा_स्विफ्ट

काका, केबल टाय लावला. धायरी ते खडकवासला आणि परत, तेवढ्यात दोन्ही बाजूंचे टाय बंप स्टॉपला चिकटले. ट्रॅक सोडा, मी रोज ऑफिसलाच बंप स्टॉपवर जात होतो. जी ताई, स्प्रिंग उतरवतोय, मूळच्या घरात आहेत.

आता मोजमाप कसं करायचं ते सांगाल का? मशीनवाल्यांवरचा विश्वास उडालाय असं नाही, पण मी काय मागतो ते मलाच कळत नव्हतं. घरच्या पार्किंगमध्ये होईल का?

ओळंबा

होईल, आणि मशीनपेक्षा जास्त शिकशील. मशीन वाईट नसतं. मात्र चाकात हवा किती, टाकीत पेट्रोल किती, सीटवर माणूस आहे का, हे न बघता गाडी वर घेतात. आणि "हिरवं" म्हणजे कंपनीने दिलेल्या मुभेच्या आत. बऱ्याच गाड्यांत कॅम्बरची ही मुभा पाऊण-एक अंशापर्यंत असते. डावं एका टोकाला आणि उजवं दुसऱ्या टोकाला असलं तरी दोन्ही हिरवे दिसतात आणि गाडी खेचत राहते.

आधी जमीन बघ. पार्किंगच्या फरशीला पाणी जायला उतार दिलेलाच असतो. गवंडी वापरतात ती पाण्याची पारदर्शक नळी आण, चारही चाकांच्या जागी पातळी बघ आणि जिथे खोल आहे तिथे टाइलचे तुकडे घालून चारही जागा एका पातळीत आण. पुढच्या चाकांखाली दोन-दोन टाइल, मध्ये ग्रीस, म्हणजे चाक मोकळं सरकेल. हवा चारही चाकांत दारावरच्या स्टिकरप्रमाणे, टाकी अर्धी, ड्रायव्हर सीटवर तुझ्या वजनाइतक्या पाण्याच्या कॅन. गाडी दोनदा दाबून सोड, दोन हात पुढे-मागे ढकल.

कॅम्बरला ओळंबा. माझं इथलं नावच त्यावरून आहे, मी पहिल्यांदा कॅम्बर मोजला तो वडिलांच्या ओळंब्याने. ते बांधकामावर होते. फेंडरवरून दोरी सोड, रिमच्या शेजारून खाली येऊ दे आणि डोलायचा थांबेपर्यंत थांब. टायर खाली फुगलेला असतो, त्याच्यावरून मोजू नकोस, रिमच्या वरच्या ओठापासून दोरीपर्यंतचं अंतर आणि खालच्या ओठापासून दोरीपर्यंतचं अंतर घे. दोन ओठांत ४०० मिमी धर. वरचं अंतर ७ मिमीने जास्त असेल तर चाक वरून १ अंश आत कललं आहे, म्हणजे उणे १. साध्या स्टीलच्या पट्टीने पाव अंशापर्यंत आरामात मोजता येतं.

टोला दोरा. गळाला लावतात तो नायलॉनचा दोरा घे, चार स्टँडवर गाडीच्या दोन्ही बाजूंना हबच्या उंचीवर ताणून बांध. डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर पुढे आणि मागे सारखं नसतं, म्हणून दोरा टायरला समांतर लावू नकोस. डाव्या-उजव्या दोऱ्यांतलं अंतर पुढे आणि मागे सारखं ठेव, आणि हबच्या मध्यापासून दोऱ्यापर्यंतचं अंतर डाव्या-उजव्या बाजूला सारखं येईपर्यंत सरकव. एवढ्यालाच अर्धा तास जातो, आणि सगळी अचूकता इथेच आहे. मग प्रत्येक रिमच्या पुढच्या आणि मागच्या ओठापासून दोरा किती लांब ते मोज. पुढचं अंतर जास्त असेल तर टो-इन, म्हणजे टो-आउटच्या उलट.

मागची चाकंही मोज. ती बीमवर आहेत, सहज फिरत नाहीत, पण मागचा बीम वाकडा असेल तर गाडी सरळ चालताना पुढचं स्टिअरिंग वाकडं राहतं आणि दोष पुढच्या भागाला दिला जातो. आकडे वहीत लिही आणि इथे टाक.

धायरीफाटा_स्विफ्ट

मूळ स्प्रिंग चढवल्या, चार दिवस गाडी चालवली आणि आज सकाळी पावणेसहा ते दहा मोजत बसलो. सोसायटीतल्या तीन जणांनी येऊन काय बांधतोय विचारलं.

पुढे डावा : ओळंब्याचा फरक २ मिमी, म्हणजे साधारण उणे ०.३ अंश. पुढे उजवा : ८ मिमी, म्हणजे उणे १.१. मागची दोन्ही चाकं सारखी, थोडा टो-इन. पुढचा टो अजून ट्रॅकच्या वेळचाच आहे, तो आजच शून्यावर आणतो.

डावा-उजवा एवढा फरक कसा? अपघात झालेला नाही. दोन महिन्यांपूर्वी क्लच मात्र बदलला होता.

ओळंबा

क्लचचं सांगितलंस ते बरं झालं. दोन्ही आकड्यांची बेरीज कर : १.४. निम्मे केले तर प्रत्येकी उणे ०.७, म्हणजे या गाडीला शोभणारा आकडा. एका बाजूला जेवढं कमी तेवढंच दुसऱ्या बाजूला जास्त, म्हणजे काही वाकलेलं नाही, तर सगळी सबफ्रेम (दोन्ही लोअर आर्म जिला जोडलेले असतात ती खालची चौकट) एका बाजूला सरकली आहे. क्लच काढताना सबफ्रेम खाली घेतात. बोल्टच्या भोकांत तीन-चार मिलिमीटरचा खेळ असतो. परत चढवताना ती जिथे बसली तिथेच आवळली. वाकलेला स्ट्रट किंवा लोअर आर्म असता तर एकच बाजू बिघडली असती आणि बेरीज जुळली नसती.

सबफ्रेमचे बोल्ट सैल कर (पूर्ण काढू नकोस, इंजिनला आधार दे), टॉमीने उजवीकडे रेट, म्हणजे उजवा बॉल जॉइंट बाहेर जाईल आणि डावा आत. थांब, तुझ्या बाबतीत उलटं हवं. उजवा आधीच जास्त आत कललेला आहे, म्हणजे त्याचा बॉल जॉइंट बाहेर गेलेला आहे. म्हणून सबफ्रेम डावीकडे रेट. ओळंबा लावूनच रेट, दोन्हींकडे ५ मिमीच्या आसपास आलं की आवळ, कंपनीच्या टॉर्कला.

यानंतर कॅम्बर बोल्ट, चाकणमार्ग यांनी सांगितलेले, पेंटच्या रेघेसकट. पुढे दोन्हींकडे उणे १.७५ ते उणे २ वर थांब, म्हणजे ओळंब्यावर १२ ते १४ मिमी. स्ट्रट आणि टायर यांच्यात बोट फिरतं का बघ. कॅम्बर बदलला की टो बदलतोच, म्हणून टो नेहमी शेवटी. स्विफ्टचा टाय रॉड (स्टिअरिंगकडून चाक वळवणारा दांडा) चाकाच्या मध्याच्या मागे आहे, त्यामुळे कॅम्बर उणे केला की चाक टो-इनकडे जातं. तो पुन्हा शून्यावर आण, दोन्ही टाय रॉड सारखे फिरवून, नाहीतर स्टिअरिंग वाकडं बसेल.

उणे २ ने रस्त्यावर आतली कड थोडी लवकर झिजेल, पण टो शून्य असेल तर दर ७-८ हजारांना टायर रिमवरून उतरवून, आतली कड बाहेर येईल असे डावे-उजवे उलटवून ती झीज सहज सांभाळता येते (आतली-बाहेरची नक्षी वेगळी असलेले टायर नसतील तर). टायर खरा टोने जातो, कॅम्बरने नाही. कोईमतूरला जाताना टो शून्यच, तिथे गेल्यावरही शून्यच. पहिल्या चार-पाच ट्रॅक दिवसांत टो-आउटची गरज कुणालाच नसते.

तिथे हवेशी खेळ. थंड असताना २८ पाउंडवर सुरू कर, तीन-चार लॅपनंतर ३३-३४ होईल. गरम टायरवर खांद्यापाशी खडूच्या तीन रेघा ओढून ठेव, एक लॅप मार आणि बघ. बाजूच्या भिंतीवरची रेघ पुसली गेली असेल तर हवा कमी आहे किंवा कॅम्बर कमी आहे. हवा २ पाउंड वाढवूनही पुसली जात असेल तर कॅम्बर. तापमान बघायचं असेल तर सुई घुसवायचा मीटर घे, पिस्तुलासारखा लांबून धरायचा नको, तो फक्त वरची कातडी दाखवतो आणि पिटमध्ये येईपर्यंत ती थंड होते. आतली बाजू बाहेरच्यापेक्षा ५ ते १० अंशांनी गरम असली तर चांगलं. एका वेळी एकच गोष्ट बदल, आणि लिहून ठेव.

चाकणमार्ग

काका, मग कडक स्प्रिंग कधी घ्यायची? मला पुढे ६ किलोची (१ मिमी दाबायला ६ किलो लागणारी) सुचवली आहे.

ओळंबा

शॉकअपसकट घेणार असाल तरच. एका स्विफ्टचा पुढचा एक्सल आम्ही ड्रायव्हरसकट वजनकाट्यावर ठेवला होता, ६४० किलो भरला. एका कोपऱ्याला ३२०, त्यातून चाक-ब्रेक-नकलचे ३० वजा, म्हणजे स्प्रिंगवर २९० किलो. २ किलो प्रति मिमीची स्प्रिंग असेल तर हा कोपरा सेकंदाला १.३ वेळा डोलतो, जसं रस्त्याच्या गाडीने डोलावं. ४ किलोला १.८५ होतात, ६ ला जवळजवळ २.३. हा २.३ चा आकडा गुळगुळीत ट्रॅकला शोभतो. आपल्या सिंहगड रस्त्यावर चाक खड्ड्यावरून उडेल आणि जमिनीवर यायच्या आत पुढचा खड्डा येईल. आणि स्प्रिंग दुप्पट केली तर तिला आवरायला शॉकअपचं दमन १.४ पट लागतं. मूळ शॉकअप ते देऊ शकत नाही. रोज ऑफिसला जाणाऱ्याने साडेतीन-चार किलोच्या वर जाऊ नये, आणि उंची १५-२० मिमीपेक्षा जास्त उतरवू नये. जी ताईंचं कायद्याचं म्हणणं तेव्हाही लागू आहेच.

धायरीफाटा_स्विफ्ट

सबफ्रेम ६ मिमी आणि ५ मिमीवर आली. गाडी खेचायची थांबली, कात्रजच्या बोगद्यात हात सोडून बघितलं नाही, पण बोटांवर ओढ जाणवत नाही. कॅम्बर बोल्ट मागवलेत. काका, तुम्ही धायरीच्या जवळपास असाल तर पुढच्या रविवारी तुमच्यासमोर लावायचे आहेत.

ओळंबा

वडगावला आहे, निरोपातून पत्ता पाठवतो. सकाळी साडेसहाला ये, ऊन चढलं की पांढरा दोरा नीट दिसत नाही आणि वाऱ्याने ओळंबा स्थिर राहत नाही. टाकी अर्धी ठेव, पेंटची बाटली आण. टॉर्क पाना माझ्याकडे आहे.